पुंडलिकरावानं पाहिलेला तारा

प्रभावतीनं वर्षभर एकच गोष्ट पोटात जपली होती, आणि ती काही चांगली गोष्ट नव्हती. पुंडलिकरावाचं तोंड कापूसवाल्यांच्या सगळ्या लाईनीसमोर काळं झालेलं तिला पाहायचं होतं. बाकी काही नको. तशी ती दर पौर्णिमेला विहारात जायची, मैत्री-करुणा मन लावून ऐकायची, मान डोलवायची, आणि परत येताना पुंडलिकरावाचं वावर लागलं की बांधाच्या धुऱ्यावर थुंकून पुढं व्हायची. साऱ्या जगाशी मैत्री, एक माणूस सोडून, असं तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

झालं होतं ते असं. मागच्या सालचा डिसेंबर. कापसाचे दिवस तेव्हा फार वाईट होते. भाव पडलेला, निम्मी खरेदी केंद्रं बंद, आणि जे एखादं उघडं असेल तिथं बैलबंड्यांची ही लाईन. बाभुळगाव रोडवरच्या जिनिंगच्या फाटकापासून सुरू झालेली लाईन पार नाल्याच्या पुलापर्यंत जायची. माणसं तिथंच राहायची, तिथंच शिजवायची, बैलांच्या शेजारी पोतं अंथरून झोपायची. जागा सोडली की नंबर गेला, आणि नंबर गेला की पुन्हा पुलापासून सुरुवात. त्या लाईनीत प्रभावतीचा नवरा उकंडा आपली बंडी घेऊन लागला होता.

उकंडाचं वावर तीन एकर, पण कापसाच्या बाबतीत माणूस भलता नखरेल. वेचणीच्या बायांनी पाल्याचा तुकडा चिकटलेलं बोंड आणलं की हा ते परत हातात द्यायचा. बाया म्हणायच्या, एवढं तर पोरीच्या केसातल्या उवाही कोणी पाहत नाही. त्या वर्षांत वजन वाढावं म्हणून कापसाला पाणी मारायची पद्धतच पडली होती. उकंडानं कधी थेंब मारला नाही. गरिबाकडे मिरवायला फार काही नसतं, त्याच्याकडे हे होतं.

त्या संध्याकाळी प्रभावती गावातून शिदोरी घेऊन आली. कापसाजवळ विस्तव कोण पेटवेल, म्हणून चुली रस्त्याच्या पलीकडे मांडलेल्या. उकंडासकट सगळी पुरुष मंडळी तिकडं जेवायला बसलेली. प्रभावती हापशीवर पाण्याची गुंडी भरत होती. आणि तारा तुटला.

आता तारे काय, रोजच तुटतात. हा तसा नव्हता. हा निंबाच्या झाडामागून निघाला तो हिरवट पांढरा, आणि आख्ख्या रस्त्यावर उजेड पडला. पुनवेच्या चंद्राचा पडतो त्याहून जास्त. बंड्यांच्या सावल्या पडल्या, चाकांच्या पडल्या, बैलांच्या शिंगांच्या पडल्या, आणि तारा जसा पुढं सरकला तशा त्या सावल्या रस्त्यावरून उलट्या बाजूला धावल्या. मग सगळं विझलं.

चुलीपाशी कोणी तरी ओरडलं होतं, पण हे सगळं पाहिलं फक्त प्रभावतीनं. कारण त्या गावांची रीत अशी, की कोणी "तारा तुटला" म्हणून ओरडला की असाल तिथं मान खाली घालायची, डोळे गच्च मिटायचे आणि घरातल्या एकूण एक माणसाचं नाव मनात घ्यायचं. ज्याचं नाव राहील त्याला तारा नेतो म्हणे. ज्याचं खटलं मोठं त्याचे डोळे उशिरा उघडायचे. लाईनीतले सगळ्यात म्हातारे बबनराव, ज्यांचा शब्द तिथं चालायचा, त्यांच्या घरात इतकी सुना-नातवंडं होती की एकदा त्यांची नावं संपेपर्यंत चुलीवरचं पिठलं करपलं होतं. प्रभावतीच्या घरात मात्र हे नव्हतं. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि आल्या आल्या असल्या सगळ्या गोष्टी घराबाहेर काढल्या. तिला तारा तुटला की वर पाहायची सवय होती. उकंडालाही होती, पण तो बसला होता चुलीच्या धुराकडे तोंड करून, निंबाकडे पाठ करून.

तर उजेड पडला तेव्हा प्रभावतीनं पाहिलं, की पुंडलिकराव तिच्या बंडीपाशी उभा आहे. एक पाय चाकाच्या मधल्या तुंब्यावर, हातात बादली, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलताहेत. घरची नावं घेत होता. तिला वाटलं, आपले बैल तहानलेले दिसले म्हणून बिचाऱ्यानं पाणी आणलं. भला माणूस आहे, असं ती मनात म्हणाली. पुढं वर्षभर तिला कशाची आग झाली असेल तर या तीन शब्दांची.

सकाळी कापसाची प्रत ठरवणारा केंद्राचा ग्रेडर आला. उकंडाच्या बंडीत हात घातला आणि ओला हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. "पाणी मारून आणलं? काढा बंडी." उकंडानं स्वतःचा हात कापसात घालून पाहिला. प्रभावतीच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला, आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, की मी पाह्यलं, राती पुंडलिकराव बादली घेऊन आमच्या बंडीपाशी उभे व्हते, ताऱ्याच्या उजेडात मले साफ दिसले.

पुंडलिकरावाची बंडी उकंडाच्या बरोब्बर मागं होती आणि त्या दिवशी संध्याकाळी केंद्र बंद होणार होतं. लोकांना एवढं तरी कळायला हवं होतं. पण पुंडलिकराव शांतपणे हसला. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "बाई," तो म्हणाला, "काळोखात मी तुले दिसलो?"

लाईन हसली. कोणी म्हणालं, तारा तुटला म्हणून कुठं उजेड पडते का, माचिसच्या सलाईवढा तर असते तो. कोणी म्हणालं, बाई नवऱ्याले वाचवून राह्यली. उजेड किती पडला होता हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, कारण एकूण एक जण डोळे मिटून बसला होता. आणि आपण डोळे मिटले होते म्हणून आपल्याला माहीत नाही, असं म्हणायची अक्कल एकालाही झाली नाही. उकंडानं बंडी वळवली. त्याच्या रिकाम्या जागेवर पुंडलिकरावाची बंडी सरकली आणि त्या सालची ती शेवटची बंडी मोजली गेली.

तेव्हापासून उकंडाचं नाव पडलं पाण्या. चक्कीवर पाण्या, बाजारात पाण्या, लग्नाच्या पंगतीत कोणी मुद्दाम पेला पुढं करून "पाण्या, वाढ न जरासं" म्हणायचा आणि पंगत खिदळायची. उकंडा भांडला असता तर प्रभावतीला बरं वाटलं असतं. तो भांडला नाही. त्यानं बाहेर जाणं सोडलं. वावरातून आला की अंगणात खाटेवर पडून आभाळाकडे पाहत राहायचा, जेवायला उठवावं लागायचं. प्रभावती भाकरी थापताना परातीत पीठ असं आपटायची की शेजारीण विचारायची, काय झालं व बाई. काही नाही, असं ती म्हणायची, आणि पुढची भाकर पुंडलिकरावाचं थोबाड समजून थापायची.

पाऊस गेला, कापूस फुटला, पुन्हा डिसेंबर आला. पोरगी उर्वशी बारावीला सायन्स घेऊन बाभुळगावला शिकत होती. ती एका सांजेला म्हणाली, "आई, परवा-तेरवा लय तारे तुटनार हायत. दरसाली याच दिवसात तुटतात. त्याले उल्का म्हनतात."

प्रभावतीचा हात थांबला. "मागच्या साली तुटला तसा?"

"तसा क्वचितच. बारक्या बारक्या उल्का हजार पडल्या तरी आभाळात दिव्याएवढा फरक पडत नाही. पन एखादी मोठी आली तर चंद्राच्या वर उजेड देते. मानसाचा चेहरा वळखू येते."

"हे तू मागच्या साली काहून नाही सांगतलं?"

"मागच्या साली मले शिकवलंच नव्हतं," पोरगी म्हणाली. "अन् सांगून तरी कोन आयकलं असतं?"

ते खरंच होतं. प्रभावतीनं त्या रात्री ठरवलं. कोणाला काही पटवून द्यायचं नाही, जे आपल्या नवऱ्यासोबत झालं तेच त्याच्यासोबत करायचं. बादलीला बादली. दुसऱ्या दिवशी उकंडाला म्हणाली, "बंडी मी घेऊन जातो." उकंडानं कूस बदलली. तो लाईनीत पाय ठेवणार नाही हे तिला माहीत होतंच.

लाईनीत गेल्यावर तिनं दोन बंड्या आपल्या पुढं जाऊ दिल्या. लोकांना वाटलं, बाईमाणूस, बैल आवरेना. तिला पुंडलिकरावाची बंडी आपल्या नाकासमोर पाहिजे होती, ती मिळाली. पुंडलिकरावानं मागं वळून पाहिलं. "काय बाई, यंदा कोरडा आनला न?" असं म्हणून चार जणांना हसवलं. प्रभावतीही हसली. दात दाखवायला काय लागतं.

अंधार पडला, चुली पेटल्या, आणि उर्वशी म्हणाली होती तसे तारे पडायला लागले. एक इकडं, एक तिकडं, बारीक रेघ ओढावी तसे. सांगितल्याप्रमाणं त्यांनी उजेड असा काहीच पडला नाही. हातातली बादलीही दिसेना. पण चुलीपाशी बसलेल्यांची मात्र तारांबळ उडाली. घास उचलला की कोणी तरी ओरडे "तारा तुटला", की सगळ्या माना खाली. नावं संपवून घास तोंडाशी नेला की पुन्हा "तारा तुटला". बबनराव तर वैतागून म्हणाले, "आता घरी मानसं कमी करावं लागते का काय बापा."

प्रभावती बादली घेऊन पुंडलिकरावाच्या बंडीआड उभी होती. पुढचा तारा तुटल्याची आरोळी आली, माना खाली गेल्या, तशी तिनं चाकावर पाय दिला. पाणी खोलवर जावं म्हणून आधी कापसात खड्डा करायला हात घातला. वीतभर कोरडा कापूस. त्याच्याखाली हात गेला आणि तिनं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. पुन्हा घातला. ओला. पार कोपरापर्यंत हात घातला तरी ओलाच. त्यानं घरूनच पाणी मारून आणलं होतं आणि वर वीतभर कोरडा कापूस पसरला होता. ग्रेडर घाईत वरवर हात घालतो, हे त्याला ठाऊक होतं.

ती चाकावरून खाली उतरली. तिला भलता आनंद झाला. बादलीतलं पाणी तिनं पुंडलिकरावाच्याच बैलांसमोर ठेवलं. मुक्या जनावरांचं काय वाकडं आहे. बैलांनी बादली चाटून कोरडी केली.

मग ती कामाला लागली. आरोळी आली की चाकावर चढायचं, पोटातला ओला कापूस कवळ्यानं वर ओढायचा, वरचा कोरडा खाली दाबायचा, आणि बबनरावांची नातवंडं संपायच्या आत खाली उतरायचं. त्या संध्याकाळी आभाळानं तिला हवे तेवढे तारे दिले. शेवटी एक कोपरा राहिला आणि तारा काही तुटेना. तेव्हा ती स्वतःच बंडीआडून ओरडली, "तारा तुटला." माना खाली गेल्या. तेवढ्यात कोपराही झाला. त्या आख्ख्या संध्याकाळी मोठा तारा एकही पडला नाही. तिचे डोळे उघडे होते, तिच्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार.

सकाळी ग्रेडर आला. पुंडलिकरावाची टोपी परीटघडीची. ग्रेडरनं बंडीत हात घातला, थांबला, मूठभर कापूस बाहेर काढून पिळला. खाली रस्त्याच्या धुळीत थेंब पडले.

"पुंडलिक पाटील, हे काय?"

"साहेब, कोनी तरी पानी टाकलं राती." पुंडलिकरावाचा चेहरा उतरला होता. त्यानं मागं पाहिलं. प्रभावती आपल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून उभी होती आणि त्याच्याकडे पाहून हसत होती. तिनं हसू लपवलं नाही, लपवायचं कारणही नव्हतं. "हिनं टाकलं," पुंडलिकराव ओरडला. "हीच व्हती माह्या बंडीवर."

प्रभावती पुढं आली. हे वाक्य तिनं वर्षभर जिभेखाली धरलं होतं. "काळोखात मी तुमाले दिसलो, पुंडलिकराव?"

मागं कोणी तरी फसकन हसलं. ज्यांना मागचं साल आठवत होतं त्यांना आठवलं. पुंडलिकरावाला ते हसू लागलं. आयुष्यभर लोक त्याच्या बोलण्यावर हसत आले होते, त्याच्यावर नाही. तो लालबुंद झाला.

"दिसली म्हन्जे? तारा तुटला तवा दिसली. चाकावर पाय देऊन उभी व्हती."

"तुमचे डोळे तर मिटले असतील."

"नाही मिटले. उघडे ठेवले मी, तुह्यावर नजर ठेवाले."

"अन् तेवढ्या उजेडात वळखू आली?"

"नाकातल्या चमकीसकट वळखू आली. दिवसावानी उजेड पडला व्हता."

सगळं साफ खोटं होतं. रात्री दिव्याएवढाही उजेड पडला नव्हता आणि पुंडलिकराव चुलीपाशी मान खाली घालून बायको इंदुताईपासून धाकट्या नातवापर्यंत नावं घेत बसला होता. पण तो खोटं बोलतो आहे हे सांगणार कोण? बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. आणि जिचे उघडे होते, ती गप्प राहिली.

बबनराव काठी टेकत पुढं आले. म्हाताऱ्याला सावकाश बोलायची सवय. "पुंडलिकराव, ताऱ्याच्या उजेडात मानूस वळखू येते म्हन्ता?"

"येते म्हन्जे? शपथ घेऊन सांगतो."

"मंग मागच्या साली या बाईले तुमी बादली घेऊन दिसले, ते बी खरंच असन."

पुंडलिकरावानं टोपी काढली. पुन्हा घातली. आपण काय बोललो ते त्याला आता कळलं होतं आणि मागं घ्यायला जागा नव्हती. उजेड पडत नाही म्हणावं तर प्रभावती सुटते, पडतो म्हणावं तर आपण अडकतो. "तो तारा वेगळा व्हता," असं काही तरी तो पुटपुटला.

"तुमाले कसं मालूम?" बबनराव म्हणाले. "मागच्या साली तर तुमचे बी डोळे मिटले व्हते न?"

ग्रेडरला या ताऱ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यानं दोन माणसांना सांगून बंडी खाली करवली. मधला थोडा सोडला तर तळापर्यंत कापूस भिजलेला, घट्ट बसलेला, मधूनच कुबट वास मारणारा. हे एका रात्रीतल्या बादलीचं काम नाही हे तिथल्या बैलांनाही कळलं असतं. उकंडाच्या वस्तीतले जे दोघे-तिघे मागच्या साली सगळ्यांसोबत हसले होते, ते आता जमिनीकडे पाहत होते. प्रभावतीनं त्यांच्याकडेही नीट एकेकाकडे पाहून घेतलं. विसरायचा तिचा विचार नव्हता.

"चाल पाण्या," बबनराव पुंडलिकरावाला म्हणाले, "काढ बंडी."

लाईन हसली नाही. पुंडलिकराव एकटा वाकून ओला कापूस बंडीत भरत होता तेव्हा मदतीला कोणी हात लावला नाही. रिकाम्या जागेवर प्रभावतीची बंडी सरकली. ग्रेडरनं हात घातला, कोपरापर्यंत घातला, आणि काही न बोलता मान हलवली. दुपारपर्यंत इंदुताईच्या कानावर गेलं, की नवऱ्यानं तारा तुटला तेव्हा डोळे उघडे ठेवले, म्हणजे घरातल्या एकाचंही नाव घेतलं नाही. मग पुंडलिकरावाच्या घरात जे झालं ते चार घरं पलीकडे ऐकू येत होतं. प्रभावतीला त्याची कीव आली का? मुळीच नाही. तिनं रिकामी बंडी मुद्दाम त्याच्या दारावरून हळू नेली.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळला होता. बातमी तिच्याआधी आली होती. उकंडा खाटेवर झोपलेला नव्हता, बसलेला होता. तिनं बैल सोडले, हातपाय धुतले. मग तो म्हणाला, "बबनरावाचा पोरगा येऊन गेला. दारात उभा राहून उकंडाभाऊ म्हनला मले."

"म्हनलंच पाह्यजे."

उकंडानं आभाळाकडे पाहिलं. "पन मले एक समजून नाही राह्यलं. काल सांजेपासून मी इथंच खाटेवर व्हतो. सारं आभाळ पाहून राह्यलो व्हतो. बारके तर लय पडले. दिवसावानी उजेड पाडनारा काई पडला नाही बा."

प्रभावतीनं चुलीत काडी सारली, फुंकर मारली. जाळ धरला.

"पडला न," ती म्हणाली. "पुंडलिकरावानं पाह्यला. साऱ्या लाईनीसमोर शपथ घेतली त्यानं."

उकंडाच्या पोटातून हसू निघालं, वर्षभरात पहिल्यांदाच, आणि हसता हसता त्यानं विचारलं, जेवायला काय आहे.